पंचवीस अक्षरांचे कोडे आणि सव्वीस बटणे

पाच अक्षरांचे पाच इंग्रजी शब्द शोधायचे. अट एकच, त्या पंचवीस अक्षरांत एकही अक्षर दोनदा येता कामा नये. गणितप्रसारक मॅट पार्कर यांच्या पॉडकास्टवर हा प्रश्न आला, तेव्हा त्यांनी घरच्या लॅपटॉपसाठी एक प्रोग्रॅम लिहिला आणि चालू करून दिला. सगळा शोध संपायला जवळपास ३२ दिवस लागले. २०२२ च्या ऑगस्टमध्ये त्यांनी ही गोष्ट यूट्यूबवर सांगितली आणि जगभरचे प्रोग्रॅमर या कोड्यावर तुटून पडले. थोड्याच काळात तेच काम ७ मिलिसेकंदांच्या आत होऊ लागले. म्हणजे वेग सुमारे ४० कोटी पटींनी वाढला!

‘कॉम्प्युटरला काय, तो क्षणात सगळे शब्द तपासतो’ असे आपण सहज बोलून जातो. वर्डल हा शब्द ओळखण्याचा ऑनलाइन खेळ खेळताना अडलो आणि एखाद्या साइटवर चार अक्षरे टाकून शब्दांची यादी मिळवली, की हा समज आणखी पक्का होतो. पण सगळे तपासत बसला तर कॉम्प्युटरही थकतो. कोड्यात वापरता येतील असे शब्द सुमारे सहा हजार. त्यांतून पाच-पाचचे गट करायचे तर गटांची संख्या होते सहावर सोळा शून्ये. पार्कर यांच्या प्रोग्रॅमनेही त्यातले बरेच गट आधीच गाळले होते, तरी महिना गेला. नंतरच्या लोकांनी जास्त वेगवान संगणकभाषा वापरल्या, प्रोसेसरचे अनेक कोअर, म्हणजे स्वतंत्रपणे काम करणारे भाग, एकदम कामाला लावले, हे खरे. मला मात्र सगळ्यात देखणी वाटते ती शब्द साठवण्याची त्यांची पद्धत.

भिंतीवर सव्वीस बटणांचा एक स्विचबोर्ड आहे असे समजा. पहिले बटण ‘ए’चे, दुसरे ‘बी’चे, शेवटचे ‘झेड’चे. शब्दात जे अक्षर आहे त्याचे बटण चालू, बाकीची बंद. चालू म्हणजे १ आणि बंद म्हणजे ० लिहिले, की शाळेत शिकलेली द्विमान संख्या तयार होते. ‘ए’ची किंमत १, ‘बी’ची २, ‘सी’ची ४, ‘डी’ची ८, अशी दर वेळी दुप्पट. ‘झेड’पर्यंत ती ३,३५,५४,४३२ होते. ‘कॅब’ची अक्षरे सी, ए, बी, म्हणून त्याची संख्या ४ + १ + २ = ७. ‘फेस’ या शब्दात एफ, ए, सी, ई आहेत, म्हणून ३२ + १ + ४ + १६ = ५३.

दुप्पट कशासाठी? ‘ए’ला १, ‘बी’ला २, ‘सी’ला ३ असे सरळ अंक दिले तर ‘कॅब’ची बेरीज ६ येते आणि एकट्या ‘एफ’चीही ६. कोणती अक्षरे होती हे बेरजेवरून कळायला मार्गच उरत नाही. दुपटीच्या किमतींत तसे होत नाही. ५३ ही बेरीज ३२, १६, ४ आणि १ यांखेरीज दुसऱ्या कोणत्याही वेगवेगळ्या किमतींनी बनत नाही.

नावाच्या स्पेलिंगमध्ये एक जादा ‘ए’ घालून नशीब बदलून देणारे अंकशास्त्री पहिल्या प्रकारासारखेच छोटे अंक वापरतात, आणि वर ती बेरीज एका आकड्यावर आणतात. ३ लाख ७० हजार इंग्रजी शब्दांची एक मोठी यादी अशा रीतीने नऊच खणांत कोंबली तर एकेका खणात सरासरी ४१ हजार शब्द पडतील. ज्या आकड्यातून नावातली अक्षरेसुद्धा परत काढता येत नाहीत, त्यातून माणसाचे भविष्य निघते असे सांगून पैसे घेणे ही फसवणूक आहे.

आता शोध. ए, सी, ई ही तिन्ही अक्षरे असलेले शब्द हवे आहेत. या मागणीची संख्या १ + ४ + १६ = २१, म्हणजे ०१०१०१. ‘फेस’चे ५३ म्हणजे ११०१०१. दोन्ही एकाखाली एक ठेवायच्या आणि जिथे दोन्हीकडे १ असेल तिथेच १ लिहायचा. या क्रियेला ‘अँड’ म्हणतात. उत्तर ०१०१०१ आले, म्हणजे मागणी जशीच्या तशी परत मिळाली, म्हणजे शब्द चालेल. दिलेल्या सात अक्षरांतूनच बनणारे शब्द हवे असतील तर हेच उलटे: शब्दाची संख्या जशीच्या तशी परत यायला हवी. आणि उत्तर शून्य आले तर दोन शब्दांत एकही अक्षर सामाईक नाही. प्रोसेसर ही तुलना एका फटक्यात करतो. सव्वीसही बटणे एकाच वेळी पाहिली जातात, अक्षराला अक्षर लावून बघावे लागत नाही.

पद्धतीत एक उणीव आहे. बटण दोनदा दाबले म्हणून दोनदा चालू होत नाही, त्यामुळे ‘डॅड’ आणि ‘अ‍ॅड’ (ए, डी, डी) दोन्ही ९ ठरतात. अक्षरांची संख्याही जुळायला हवी असेल तर शब्दातली अक्षरे वर्णक्रमाने लावून घ्यायची. ‘लिसन’ आणि ‘सायलेंट’ दोन्हींची रांग ई, आय, एल, एन, एस, टी अशीच होते.

कोड्यात मात्र ही उणीव पथ्यावर पडते. त्याच अक्षरांचे अनेक शब्द एकाच संख्येत गोळा होतात आणि सुमारे दहा हजारांचे सहा हजार उरतात. यापुढची युक्ती आणखी सुरेख आहे. सव्वीसांपैकी पंचवीस अक्षरे वापरायची, म्हणजे बरोबर एकच सुटणार. तेव्हा ‘क्यू’ आणि ‘एक्स’ यांपैकी निदान एक कुठल्यातरी शब्दात असलेच पाहिजे. शोध त्या मोजक्या शब्दांपासूनच सुरू करायचा. पहिला शब्द ठरला की उरलेल्यांतले सगळ्यात दुर्मीळ अक्षर बघायचे. पुढचा शब्द त्याच अक्षराचा हवा, किंवा ते अक्षर सोडायचे, आणि सोडण्याची मुभा एकदाच. प्रत्येक पायरीवर सहा हजारांऐवजी थोडेच शब्द तपासावे लागतात, आणि तेच पाच शब्द १२० वेगवेगळ्या क्रमांनी पुन्हा पुन्हा सापडत नाहीत.

३ लाख ७० हजार शब्दांच्या मोठ्या यादीतून असे ५३८ गट निघाले. त्यातला एक: फ्योर्ड (fjord), गक्स (gucks), निम्फ (nymph), व्हायबेक्स (vibex), वॉल्ट्झ (waltz). अक्षरे मोजून पाहा, फक्त ‘क्यू’ बाहेर राहतो.