संधिवात आणि आहारातील खनिजे

सांध्यांना वेदना, सूज व ताठरपणा आणणाऱ्या शंभराहून अधिक विकारांना मिळून संधिवात म्हणतात. सांध्यातील कूर्चा खराब होऊन होणारा ऑस्टिओआर्थ्रायटिस आणि प्रतिकारयंत्रणा स्वतःच्याच सांध्यांवर उलटल्याने होणारा आमवात (ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस) हे त्यांतील प्रमुख. आहारातील एखादे खनिज वाढवल्याने हे दोन्ही विकार बरे होत नाहीत. खनिजांचा प्रश्न येतो तो कमतरता किंवा अतिरेक असेल तेव्हा. आणि पुष्कळदा ही कमतरता खुद्द रोगाने किंवा त्यावरच्या औषधांनी ओढवलेली असते.

लोहाचे उदाहरण या दृष्टीने सर्वांत बोलके आहे. आमवाताच्या अनेक रुग्णांत रक्तक्षय आढळतो. दाह चालू असताना इंटरल्यूकिन-६ या प्रथिनामुळे यकृतात हेप्सिडिन हे संप्रेरक वाढते. ते आतड्यातून होणारे लोहाचे शोषण रोखते आणि साठ्यातील लोह पेशींमध्येच अडकवून ठेवते. त्यामुळे शरीरात लोह असूनही तांबड्या पेशी तयार होण्यासाठी ते मिळत नाही. अशा वेळी लोहाच्या गोळ्यांचा फारसा उपयोग होत नाही. दाह आटोक्यात आला की हिमोग्लोबिन सुधारू लागते. मात्र वेदनाशामकांमुळे जठरातून थोडाथोडा रक्तस्राव होत असेल, तर त्याच रुग्णात लोहाची खरी कमतरताही असू शकते. फेरिटिन हे लोहाचा साठा दाखवणारे प्रथिन दाहानेही वाढते, म्हणून त्याचा आकडा ठीक दिसला तरी निर्धास्त राहता येत नाही. याउलट हीमोक्रोमॅटोसिस या आनुवंशिक विकारात लोह साठत जाते आणि तर्जनी व मधल्या बोटाच्या बुडाचे सांधे दुखू लागतात. तेथे लोहाची गोळी अपायकारकच.

जस्त व सेलेनियम यांचीही रक्तातील पातळी दाहात उतरते, तांब्याची चढते. केवळ तपासणीचा कागद पाहून पूरक गोळ्या सुरू करणे म्हणूनच फसवे ठरते. पीटर सिमकिन यांनी १९७६ मध्ये आमवाताच्या २४ रुग्णांवर झिंक सल्फेटची चाचणी केली, तेव्हा सूज व सकाळचा ताठरपणा कमी झालेला आढळला. पुढील अभ्यासांतून मात्र या निष्कर्षाला ठाम दुजोरा मिळाला नाही. जस्त दीर्घकाळ जास्त घेतले तर तांब्याचे शोषण घटते आणि रक्तक्षय किंवा मज्जारज्जूची इजा होऊ शकते. मनगटात घालायचे तांब्याचे कडे हा आहाराचा विषय नव्हे, पण त्याचे नाव निघतेच: २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, आमवाताच्या ७० रुग्णांवरील चाचणीत ते निष्प्रभ ठरले.

कॅल्शियमचे महत्त्व सांध्यापेक्षा हाडासाठी आहे. प्रेडनिसोलोनसारखी स्टिरॉइडे दीर्घकाळ घ्यावी लागली की आतड्यातून कॅल्शियम कमी शोषले जाते, नवे हाड कमी बनते आणि हाडे ठिसूळ होतात. अशा प्रौढ रुग्णांना आहार व गोळ्या मिळून रोज १,००० ते १,२०० मिलिग्रॅम कॅल्शियम आणि जोडीला ड जीवनसत्त्व घेण्याचा सल्ला दिला जातो.

मॅग्नेशियमचा संबंध अधिक थेट आहे. पायरोफॉस्फेट या फॉस्फेटयुक्त संयुगाचे विघटन करणाऱ्या विकरांना (एन्झाइमांना) ते लागते. ते फार कमी झाले तर कूर्चेत कॅल्शियम पायरोफॉस्फेटचे स्फटिक साचून गुडघा किंवा मनगट अचानक सुजते. काही मूत्रल औषधे आणि आम्लपित्तावर वर्षानुवर्षे घेतलेल्या गोळ्या ही कमतरतेची नेहमीची कारणे आहेत, म्हणून आहाराआधी औषधांची यादी तपासावी.

जमिनीतील सेलेनियमच्या अभावाशी काशिन-बेक रोगाचा संबंध जोडला जातो. चीन, तिबेट व सैबेरियाच्या काही भागांत आढळणाऱ्या या रोगात वाढत्या वयातील मुलांची कूर्चा मरते, सांधे जाड होतात आणि उंची खुंटते. धान्यावरील बुरशीची विषेही त्याला कारणीभूत मानली जातात. पिण्याच्या पाण्यातून फ्लोराइड जास्त गेल्याने होणारा अस्थि-फ्लुओरोसिस सुरुवातीला संधिवातासारखाच भासतो. तिथे मुख्य उपाय म्हणजे पाण्याचा स्रोत बदलणे.