निळ्या डोक्याचा मेंढा

वेन्स्लीडेल म्हटलं की इंग्लंडात आधी चीज आठवतं. उत्तर यॉर्कशायरच्या या खोऱ्यात मठातले साधू पूर्वी मेंढीच्या दुधाचं चीज करत. ती मेंढी मात्र वेगळी. आजच्या वेन्स्लीडेल मेंढीचा मूळपुरुष जन्मला १८३९ साली. नाव ब्लूकॅप.

त्याची आई टीस नदीकाठची थोराड टीजवॉटर मेंढी, बाप डिशली लेस्टर, म्हणजे अठराव्या शतकातल्या रॉबर्ट बेकवेल या इंग्रज पशुपालकाने निवडून निवडून घडवलेल्या जातीचा. ब्लूकॅप वाढून दोनशे किलोंच्या वर गेला. डोक्याची कातडी गडद निळसर. तो रंग पिलांत उतरला आणि तीच पुढे जातीची ओळख ठरली. वेन्स्लीडेल हे नाव मिळालं १८७६ मध्ये, तेही प्रदर्शनात उतरवायचं तर जातीला नाव हवं म्हणून!

हिची लोकर कपाळावरून थेट डोळ्यांवर येते. एकेक बट वीस ते तीस सेंटिमीटर, मुळापासून टोकापर्यंत पीळ पडलेली, उन्हात रेशमासारखी चमकणारी. लोकरीच्या प्रत्येक तंतूवर खवले असतात. मऊ लोकरीसाठी नावाजलेल्या मेरिनो मेंढीचे खवले दाट आणि उठावदार, त्यामुळे उजेड विखुरतो. वेन्स्लीडेलचे मोठे आणि चपटे, म्हणून तो एका दिशेने परततो. मऊपणात मात्र मेरिनोच सरस: तिचा तंतू वीसेक मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग) जाडीचा, हिचा तेहतीस-पस्तीसचा.

एवढा जाड तंतू घोंगडीसारखा टोचायला हवा. पण घोंगडी टोचते ती तिच्यातल्या राठ, आतून पोकळ केसांमुळे. मेंढीच्या कातडीत तंतूंची दोन प्रकारची मुळं असतात, प्राथमिक आणि दुय्यम. अनेक जातींत प्राथमिक मुळांतून राठ केस निघतात, दुय्यमांतून मऊ लोकर. वेन्स्लीडेलमध्ये दोन्हींचा तंतू जवळजवळ सारखाच. राठ केस नाहीतच म्हणा.

गंमत अशी, की शेतकऱ्यांना हा मेंढा हवा होता तो मुख्यतः संकरासाठी. डोंगराळ भागातल्या काटक मेंढ्यांना तो लावायचा, म्हणजे मॅशम नावाची दुधाळ, जुळी देणारी संकरित मादी मिळे. पुढे ते काम ब्लूफेस्ड लेस्टर मेंढ्याने पटकावलं आणि वेन्स्लीडेल दुर्मीळ जातींच्या यादीत गेली. ब्रिटनमध्ये साध्या लोकरीतून कातरणीचा खर्चही अनेकदा निघत नाही. हिची लोकर मात्र हाताने सूत कातणारे हौशी लोक शोधत येतात, आणि बाहुल्या करणारेही. त्यांना डोक्यावर चिकटवायला कुरळ्या बटा आयत्याच मिळतात.