केबल गेली की हार्डडिस्क गेली? एरर एकच, दुखणं वेगळं

गेल्या पावसाळ्यात एकाच आठवड्यात माझ्याकडे दोन कॉम्प्युटर आले आणि दोन्हींची तक्रार शब्दाला शब्द तीच, सकाळी चालू केलं की काळ्या पडद्यावर 'रिबूट अँड सिलेक्ट प्रॉपर बूट डिव्हाइस' येतंय, बंद करून परत चालू केलं की कधी विंडोज येतंय कधी नाही. एक बेळगावातल्या शहापूरच्या डीटीपीवाल्या ताईंचा, लग्नपत्रिका आणि मंडळांची पावतीपुस्तकं करतात त्या, आणि दुसरा खानापूर तालुक्यातल्या नंदगडच्या सरांचा. सर म्हणाले, "दोन दिवस बरं चालतंय, तिसऱ्या दिवशी परत तेच करूलालंय बघा." दोघांनाही आधी कुणीतरी हार्डडिस्क गेली, नवीन घाला म्हणून सांगितलं होतं. ताईंची खरंच जायला लागली होती. सरांची ठणठणीत होती, खराब झाली होती ती फक्त साटा केबल, म्हणजे डिस्क मदरबोर्डला जोडणारी वायर.

दोन्हींत एरर सारखा का येतो ते आधी बघू. चालू करताना बायोस, म्हणजे मशीनमध्ये सगळ्यात आधी जागं होणारं सॉफ्टवेअर, डिस्कला हाक मारतं, वेळेत उत्तर आलं नाही की बूट डिव्हाइस नाही म्हणून मोकळं होतं. डिस्कनं उत्तरच दिलं नाही की दिलेलं वाटेत हरवलं, हे त्या एका ओळीतून कळत नाही.

आपल्याकडून चोर्ला घाटातनं गोव्याला भाजी जाते ना, तसं धरा. डिस्क म्हणजे गोदाम, केबल म्हणजे घाट. माल खराब पोचला तर गोदामातच कुजला होता की घाटात भिजला हे नुसतं पोतं बघून सांगता येत नाही. पण डिस्क स्वतःच दोन्हींचा वेगवेगळा हिशोब ठेवते, त्याला स्मार्ट म्हणतात, आणि तो वाचायला क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचं फुकटचं सॉफ्टवेअर पुरतं. वरचं निळं 'गुड' किंवा पिवळं 'कॉशन' बघून थांबू नका, खाली यादी असते ती बघा. त्यातले आकडे सुरुवातीला हेक्समध्ये, म्हणजे सोळाच्या पटीतल्या मोजणीत, दिसतात, सेटिंगमधून साध्या दशमान आकड्यांत करून घ्या, नाहीतर १० दिसलं की दहा समजाल आणि ते असतात सोळा.

घाटाचा हिशोब म्हणजे १९९ नंबरची ओळ, सीआरसी एरर काउंट. केबलवरून जाणाऱ्या माहितीच्या प्रत्येक गठ्ठ्याबरोबर एक पडताळणीचा आकडा जातो, पोत्यासोबत वजनाची चिठ्ठी असते तसा. समोर पोचल्यावर वजन जुळलं नाही की गठ्ठा परत मागवला जातो आणि ही नोंद वाढत जाते. म्हणून केबल खराब असली तरी फाइली सहसा बिघडत नाहीत, मशीन अडखळतं, मधेच गोठतं आणि एखाद्या सकाळी डिस्क दिसतच नाही. सरांच्या डिस्कवर १९९ ला चौदाशेच्या वर आकडा होता आणि पुढं सांगतो त्या गोदामाच्या ओळी शून्य.

गोदामाचा हिशोब ५, १९७ आणि १९८ या ओळींत. एखादा सेक्टर, म्हणजे डिस्कवरचा साठवणीचा छोटा कप्पा, वाचताच आला नाही की तो १९७ मध्ये, म्हणजे पेंडिंगमध्ये जातो. पुढे त्याच जागी नवीन काही लिहिलं गेलं की डिस्क ती जागा तपासते, चांगली निघाली तर नाव काढून टाकते, खराब निघाली तर राखीव सेक्टर वापरते आणि ५ ची ओळ वाढते. १९८ म्हणजे डिस्कनं स्वतःच्या तपासणीत न वाचता आलेले सेक्टर. ताईंच्या डिस्कवर पेंडिंग सोळा होते, संध्याकाळपर्यंत चाळीस झाले.

इथं आपल्या भागातली एक गोष्ट मधे येते. लिहिता लिहिता करंट गेला तर सेक्टर अर्धवट राहतो आणि डिस्क धडधाकट असूनही एखाद-दुसरा पेंडिंग दिसतो, आणि खेड्यात पावसात टीसी, म्हणजे ट्रान्सफॉर्मर, उडाला की दिवसातून चार वेळा लाइट जाते, यूपीएस किती घरांत असतो? म्हणून एक पेंडिंग दिसला की लगेच डिस्क फेकू नका, आणि दिवसादिवसाला वाढायला लागले की मात्र थांबू नका. तुम्हाला आजचा आकडा नको, दोन आकड्यांमधला फरक पाहिजे.

आकडे बघायच्या आधी एक काम, आणि हे मी हात जोडून सांगतो, मशीन चालू झालंय तोवर कामाच्या फाइली दुसऱ्या डिस्कवर घ्या. अगोदर ज्याची दुसरी प्रत कुठंच नाही ते घ्या, फोटो, हिशोब, जमिनीच्या कागदांचे स्कॅन. विंडोज आणि सॉफ्टवेअर परत मिळतात. चेकडिस्क स्लॅश आर, म्हणजे विंडोजची खराब सेक्टर शोधायची कमांड, तर कॉपी व्हायच्या आत चालवूच नका. ते अख्खी डिस्क पहिल्यापासून शेवटपर्यंत घासून वाचतं, एक टीबीला कितीतरी तास लागतात, आणि धापा टाकणाऱ्या डिस्कला तेवढं पळवलं की ती वाटेतच बसते. लोक दुरुस्ती म्हणून तेच आधी करतात याचं मला फार वाईट वाटतं.

आवाजावरून बरंच कळतं पण फसगतही होते. टिक, टिक, थांबून परत टिक टिक, असा ठेक्यात आवाज आला म्हणजे आतल्या हेडला आपली जागा सापडत नाही आणि तो मागं येऊन परत प्रयत्न करतो, ती डिस्क लगेच बंद करा. पण एसएमपीएस, म्हणजे कॅबिनेटमधला पॉवरचा डबा, कमजोर असेल, बारा व्होल्टची लाइन खाली येत असेल, तर मोटर फिरायला लागते, थांबते, परत फिरते आणि असाच आवाज येतो. म्हणून डिस्कला शेवटचं पाणी पाजायच्या आधी पॉवरचा दुसरा कनेक्टर लावून बघा.

बायोसमध्ये काय दिसतं तेही बघायचं. डिस्कचं नाव बरोबर दिसतंय पण विंडोजचं चाक तासभर फिरतंय, हे बहुतेक खराब सेक्टरचं लक्षण. नावच नाही आणि केबल दाबली की येतंय, तर जोडणीचं. नाव वेडंवाकडं किंवा साइज शून्य दिसली तर डिस्कचं आतलं सर्किट नाहीतर फर्मवेअर, म्हणजे डिस्कमध्येच भरलेलं सॉफ्टवेअर, बिघडलंय, तिथं आपण काही करू नये. तारीख मागं जात असेल तर गोष्टच तिसरी, मदरबोर्डवरचा सीआर २०३२ चा सेल संपलाय, सेटिंग उडतंय आणि डिस्कचा मोड बदलल्यामुळं विंडोज उठत नाही.

सरांची केबल काढली तेव्हाचं सांगतो. मेन स्विच बंद, वायर काढलेली, कॅबिनेटचं झाकण उघडलं तर लाल केबल झाकणाला टेकून काटकोनात मोडलेली, जुन्या पद्धतीची, बिनक्लिपची. सात पट्ट्यांपैकी कडेच्या दोन सोनेरी राहिल्याच नव्हत्या, काळपट राखाडी पडल्या होत्या. खानापूरकडचा पाऊस आणि भिंतीला लागून ठेवलेलं मशीन, ओल धरणारच. सकाळी गार असताना टेकत नाही, मशीन तापलं की टेकतं, म्हणून दुसऱ्या वेळी चालू होतं. सर रोज केबल काढून फुंकर मारून लावत होते, पण साटाचे आतले कनेक्टर साधारण पन्नास वेळा काढघाल करण्याच्या हिशोबानंच बनवलेले असतात, रोज काढून ते आणखी सैल होतात. क्लिपवाली नवीन केबल घेतली, मदरबोर्डवरचा पोर्टपण बदलला, पण दोन्ही एकदम नाही, आधी केबल, मग दोन दिवसांनी पोर्ट, नाहीतर दोष कशात होता ते कळलं नसतं.

लॅपटॉपला हे अर्धंच लागू आहे, तिथं केबलच्या जागी छोटी पट्टी असते नाहीतर डिस्क थेट बोर्डवर बसते, आणि एसएसडीला, म्हणजे आत काहीच न फिरणाऱ्या डिस्कला, तर आवाजच नसतो, ती टिकटिक न करता एका सकाळी गप्प होते.

ताईंची डिस्क मी केबल बदलूनही बघितली, पॉवर बदलूनही बघितली, पेंडिंग वाढतच राहिले आणि दर वेळी अडकायचं ते त्याच फोल्डरमध्ये. हीच मोठी खूण, केबल कुठंही अडते, डिस्क त्याच त्याच जागी अडते. मग विंडोज बाजूला ठेवून पेनड्राइव्हवरच्या लिनक्समधून डीडीरेस्क्यू हे माहिती वाचवायचं सॉफ्टवेअर लावलं, ते आधी सहज येतं तेवढं उचलतं आणि अडलेल्या जागांकडे शेवटी वळतं. रात्रभर चाललं. पत्रिकांचे साचे सगळे आले, दोन जुन्या पावतीपुस्तकांच्या फाइली अर्ध्या आल्या, त्या ताईंनी छापील प्रतीवरून परत बसवल्या.

सरांच्या कॅबिनेटमध्ये आतून एक कागद चिकटवलाय, १९९ चा त्या दिवशीचा आकडा आणि तारीख. केबल बदलली म्हणून तो आकडा कमी होत नाही, तो तसाच राहतो. दिवाळीत सरांनी फोन करून वाचून दाखवला, एकानंही वाढला नव्हता.