एफ८ (जनुक)

एफ८ हे माणसाच्या एक्स गुणसूत्राच्या लांब भुजेच्या टोकाजवळ असलेले जनुक आहे. रक्त गोठण्यासाठी लागणारे आठव्या क्रमांकाचे प्रथिन, म्हणजेच ‘फॅक्टर आठ’, या जनुकावरून बनते. जनुकात बिघाड असला तर हिमोफिलिया ए, म्हणजे रक्त नीट न गोठण्याचा आजार, होतो. साधारण 5,000 मुलग्यांमागे एकाला हा आजार असतो. फॅक्टरचे प्रमाण सामान्य पातळीच्या 1 टक्क्याहून कमी असले तर आजार तीव्र समजतात. तेव्हा मार न लागताही गुडघ्यात, कोपरात, घोट्यात रक्त साचते.

फॅक्टर आठ एकटा रक्त गोठवत नाही. तो फॅक्टर नऊला साथ देतो, मग दोघे मिळून फॅक्टर दहाला कामाला लावतात. रक्तात तो फॉन विलब्रांड या प्रथिनाला धरून असतो. हे प्रथिन ओ रक्तगटात सरासरीने कमी असल्यामुळे त्या गटातल्या निरोगी माणसांतही फॅक्टर आठ थोडा कमीच भरतो.

डीएनएच्या सुमारे 1,86,000 अक्षरांचे आणि 26 एक्झॉनांचे (प्रथिनाची कृती सांगणाऱ्या तुकड्यांचे) हे अवाढव्य जनुक 1984 साली हाती लागले. त्याची खरी मेख मात्र बाविसाव्या इंट्रॉनमध्ये, म्हणजे दोन एक्झॉनांमधल्या भागात, आहे. तिथल्या एका तुकड्याच्या दोन प्रती गुणसूत्राच्या टोकाकडे, जनुकाबाहेर, आहेत. पुरुषाच्या बीजपेशींत एक्सला जोडीदार नसतो. त्यामुळे तो स्वतःवरच दुमडतो, सारख्या दिसणाऱ्या प्रती एकमेकींशी जुळतात आणि मधला भाग उलटा बसून जनुक दुभंगते. तीव्र हिमोफिलिया ए असलेल्यांपैकी 40 ते 45 टक्के रुग्णांत हीच उलटापालट सापडते. ती 1993 साली उलगडली.

याचा अर्थ असा, की बिघाडाची सुरुवात पुष्कळदा आईच्या वडिलांकडे झालेली असते. आजोबा स्वतः ठणठणीत असतात, मुलगी वाहक (सदोष जनुक पुढे देऊ शकणारी) होते आणि आजार दिसतो तो नातवात. घरात पूर्वी कुणालाच नव्हते म्हणून सुनेला बोल लावणे किती चुकीचे, हे यावरून कळावे.

मुंबईत या जनुकाची तपासणी परळला, केईएम रुग्णालयाच्या आवारातील राष्ट्रीय इम्युनोहिमॅटॉलॉजी संस्थेत होते. तीव्र आजार असेल तर आधी ही उलटापालटच शोधतात. ती नसेल तर बाकीचे जनुक वाचावे लागते. मुलाचा दोष नेमका सापडला, की आई आणि मावशी वाहक आहेत का हे खात्रीने सांगता येते. नुसती फॅक्टरची पातळी मोजून ते जमत नाही, कारण वाहक स्त्रीची पातळी अनेकदा सामान्य निघते.

गर्भाची तपासणीही शक्य आहे. गर्भलिंगनिदानाविरुद्ध महाराष्ट्राने 1988 मध्ये कायदा केला आणि केंद्राचा कायदा 1994 मध्ये आला. केंद्राच्या कायद्यात लिंगाशी निगडित आनुवंशिक आजारांसाठी नोंदणीकृत केंद्रात तपासणीची मुभा आहे. आजाराचे निदान सांगता येते, गर्भाचे लिंग सांगण्यास मात्र मनाई आहे.