ओव्हरटेक एकट्याचा नसतो

दिवाळीत म्हसवडकडे जाताना दुपदरी रस्त्यावर पुढे ट्रक लागला, तो साठच्या स्पीडला आणि मी त्याच्या बंपरला जवळजवळ चिकटून. शेजारी मामा, आयुष्यभर ट्रक चालवलेला माणूस. म्हणाला, "आधी मागं हो, पुढचं काय दिसतंय का तुला?" मागं झालो तर खरंच, मगाशी नुसती ट्रकची ताडपत्री दिसत होती, आता समोरचा रस्ता दिसायला लागला.

आता गणित बघा, सोपं आहे. ट्रक १२ मीटर, आपली कार ४ मीटर, बाहेर निघताना २० मीटर अंतर आणि परत आत येताना २० मीटर, म्हणजे ट्रकच्या मानाने आपल्याला ५६ मीटर जास्त कापायचेत. आपण ८० ला, तो ६० ला, फरक सेकंदाला साडेपाच मीटर, म्हणजे १० सेकंद लागणार. तेवढ्यात आपण २२० मीटर जातो आणि समोरून कुणी ८० नेच येत असेल तर तोही २२० मीटर आपल्याकडे येतो. म्हणजे साधारण ४५० मीटर रस्ता रिकामा पाहिजे.

खरी गंमत पुढे आहे. आपण बाजूला आल्यावर ट्रकवाल्याने ६० चे ७० केले तर फरक निम्मा होतो, १० चे २० सेकंद होतात आणि रस्ता लागतो ९०० मीटर! आणि त्याने नुसता पाय उचलला, गाडी ५० वर आली, तर ७ सेकंदांच्या आत काम होतं आणि ३०० मीटर पुरतात. म्हणजे आपला जीव आपल्या अ‍ॅक्सिलरेटरइतकाच त्याच्या अ‍ॅक्सिलरेटरवर. म्हणूनच २०१७ च्या ड्रायव्हिंग रेग्युलेशन्समध्ये, आणि त्याआधीच्या १९८९ च्या नियमांतही, लिहिलंय की कुणी ओव्हरटेक करत असताना आपला स्पीड वाढवायचा नाही. किती जणांना माहितीये देव जाणे, बऱ्याच जणांना तर तेव्हाच चेव चढतो.

समोरच्या गाडीचा स्पीड डोळ्यांना कळतो हा पण एक गैरसमज. दोघंही ८० ला असतील तर ४०० मीटरवरची गाडी डोळ्याला दुप्पट मोठी दिसायला साडेचार सेकंद लागतात, तोवर ती एका जागी उभी असल्यासारखीच वाटते. मग २०० वरून १०० वर यायला सव्वादोन सेकंद, १०० वरून ५० वर यायला जेमतेम एक. म्हणजे "अरे ही अंगावरच आली" हे कळतं तेव्हा उशीर झालेला असतो. रात्री एकाच दिव्याची बाईक असेल तर विचारूच नका.

इंडिकेटरची भानगड वेगळीच. काही ट्रकवाले उजवा लावतात म्हणजे "जा", काही लावतात म्हणजे "थांब", आणि काहींना खरोखर उजवीकडे वळायचं असतं. त्यामुळे मामा इंडिकेटरवर कधी जात नाही, आधी डोळ्यांनी रस्ता बघतो. आणि ट्रकमागे ५ किलोमीटर ६० नेच गेलो तर उशीर किती, तर सव्वा मिनिट.

तर त्या दिवशी रस्ता मोकळा बघून मी निघालो आणि नेमका उतार लागला, भरलेला ट्रक आपोआप पळायला लागला. समोर लांब एक टेम्पो. माघार घ्यावी म्हणून आरशात बघतो तर मी सोडलेल्या जागेत मागची पांढरी कार घुसून बसलेली! ना पुढे जाता येईना ना मागे. एवढ्यात ट्रकवाल्यानेच ब्रेक मारला, पुढे जागा केली, तिकडे टेम्पोवालाही हळू झाला आणि मी आत शिरलो. हात घामाने ओले झालेले.

मामा थोडा वेळ काहीच बोलला नाही. मग म्हणाला, "हात बाहेर काढ नि दाखव त्याला एकदा. बरं वाटतं रे."