डाव्या अंगठ्याचं काम: फ्रंट डिरेलर जुळवणं इतकं किचकट का झालं?

सायकलचा मागचा गिअर एकदा नीट बसला की बरेच दिवस बघावं लागत नाही; पुढचा मात्र कुरकुरत राहतो. मूळ कारण साधं आहे. मागचा डिरेलर, म्हणजे चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर ढकलणारा भाग, चेनच्या खालच्या, सैल बाजूवर काम करतो. पुढच्याला वरची बाजू ढकलावी लागते, आणि पायडलचा सगळा ताण तीच वाहत असते.

१९७४ साली कॅलिफोर्नियातल्या मिल व्हॅलीच्या शर्यतीत कुपरटिनोच्या मॉरो डर्ट क्लबची मंडळी जाड टायरच्या जुन्या सायकलींना डिरेलर आणि अंगठ्याने फिरवायचे शिफ्टर लावून आली. तोवर मिल व्हॅलीच्या मरीन परगण्यातले स्वार बिनगिअरच्या सायकली चढावर ढकलतच नेत. पुढे १९८१ च्या स्पेशलाइज्ड स्टंपजंपर या माउंटन बाइकवर पुढे ३ आणि मागे ५ असे १५ गिअर आले.

हे शिफ्टर 'फ्रिक्शन'चे होते, म्हणजे अंगठा थांबेल तिथे लिव्हर थांबायची. चेन डिरेलरच्या पिंजऱ्याला (ज्यातून चेन जाते) घासली की लिव्हर किंचित सरकवायची. केबल ढिली झाली तर थोडी जास्त ओढायची. एल (लो) आणि एच (हाय) हे डिरेलरची आतली आणि बाहेरची हद्द ठरवणारे दोन स्क्रू चेन आत-बाहेर पडू नये एवढ्यापुरतेच.

१९८४ मध्ये सुटे भाग बनवणाऱ्या शिमानोने रोड सायकलच्या ड्युरा-एस संचावर 'टक्' वाजून जागेवर बसणारी एसआयएस पद्धत आणली. १९८७ च्या सुमारास ती शिमानोच्याच डिओर एक्सटी संचातून माउंटन बाइकवर उतरली, पण मागचा गिअर बदलणाऱ्या उजव्या हातालाच. पुढच्या गिअरचा डावा थंब (अंगठ्याचा) शिफ्टर फ्रिक्शनचाच राहिला. माझ्या मते तो शहाणपणा होता. १९९० च्या आसपास शिमानोच्या रॅपिडफायर शिफ्टरने डावीकडेही ठरलेले टप्पे दिले आणि अंगठ्याची सगळी जबाबदारी ॲडजस्टरवर, म्हणजे केबलचा ताण कमी-जास्त करायच्या स्क्रूवर, येऊन पडली. पिंजरा मोठ्या चेनरिंगच्या (पायडलजवळच्या दातेरी चक्राच्या) दात्यांपासून १ ते ३ मिलिमीटर वर, चेनरिंगला समांतर, केबलचा ताण नेमका: यातलं एक चुकलं तरी घासणं सुरू. म्हणून आधी उंची आणि कोन, मग एल स्क्रू, मग केबल, शेवटी एच, हा क्रम पाळावाच लागतो. दोष ढिल्या केबलचा असताना स्क्रू पिळत बसलं की चांगली जुळणीही बिघडते. मूठ पिळून गिअर बदलणाऱ्या ग्रिप शिफ्टने डावीकडे बारीक-बारीक टप्पे ठेवले होते; पुढच्या गिअरची गरज तो बनवणाऱ्यांनी जास्त ओळखली होती.

२०१२ मध्ये स्रॅम कंपनीच्या एक्सएक्स१ संचाने मागे १०-४२ दात्यांची ११ चक्रं देऊन फ्रंट डिरेलर काढूनच टाकला. आपल्याकडच्या स्वस्त माउंटन बाइकवर मात्र ३ बाय ७ (पुढे ३, मागे ७ चक्रं) अजून सर्रास दिसतं. तिथे डावा शिफ्टर टप्पे धरेनासा झाला तर साधा फ्रिक्शन थंब शिफ्टर लावता येतो. ठरलेले टप्पेच नसल्यामुळे डिरेलर दुसऱ्या कंपनीचा असला तरी सहसा अडत नाही.