उंचावरची धुंदी देखाव्यामुळेच येते का?

"ग्लायडर (बिनइंजिनाचं विमान) उंच गेलं की खालचा देखावा पाहून वैमानिक बेभान होतो, तो निव्वळ निसर्गाचा आनंद," असा मजकूर वर्षानुवर्षं फिरतोय. पटण्यासारखाच आहे. चिखलदऱ्याच्या कड्यावरून खाली पाहताना आपलंही भान हरपतं.

पण चिखलदरा आहे सुमारे १,१०० मीटरवर. तिथला आनंद खरा. ग्लायडर डोंगरावरून उठणाऱ्या वाऱ्याच्या लाटांवर ५,००० मीटरच्याही वर जातं. ऑक्सिजन तिथेही हवेच्या २१ टक्केच असतो. पण साडेपाच हजार मीटरवर हवेचा दाब निम्मा होतो, आणि ऑक्सिजन रक्तात पुरेसा उतरत नाही. मेंदूला तो कमी पडला की कित्येकांना त्रास होण्याऐवजी फार छान वाटू लागतं. नखं निळसर पडतात, साधी बेरीज चुकते, तरी माणूस म्हणतो, "मी मजेत आहे." घातक आहे ते हेच. म्हणून साधारण ३,००० मीटरपासूनच सावध राहावं लागतं.

पडताळायचं कसं? कोरोनात आशा सेविका बोटाला लावायच्या, तसाच ऑक्सिमीटर. त्यावर रक्तातल्या ऑक्सिजनचा आकडा घसरलेला असेल आणि नळीतून ऑक्सिजन घेताच आकडा चढून धुंदी उतरली, तर ती देखाव्याची नव्हती. देखावा तर तोच आहे.

कमी उंचीवर देखाव्यात रमणं हा वेगळा धोका. नजर एका जागी खिळली की शेजारचं ग्लायडर दिसत नाही, म्हणून ती सतत फिरती ठेवायची.